लाल क्रॉसखालचा शिक्का

माझे सासरे सोलापुरातल्या एका कापडगिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली, पण जुने लोक अजून त्यांना रस्त्यात 'मास्तर' म्हणूनच हाक मारतात आणि नव्या लोकांना वाटतं, हे शाळेत शिकवत असणार. मी त्यांना मामा म्हणते. आमच्या मंगळवेढ्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

लग्नानंतरची बरीच वर्षं मामांचं आणि माझं बोलणं चहा, औषध आणि दाराची कडी यापलीकडं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. मी सकाळी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायचे, ते उत्तरेच्या खिडकीजवळ पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम घेऊन बसायचे. सासूबाई होत्या तोवर घरातलं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं. त्या गेल्या. मुलगी शिकायला पुण्याला गेली, नवऱ्याची नोकरीही तिकडंच. घरात आम्ही दोघं उरलो आणि मग मामांच्या डोळ्यांचं सुरू झालं.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली, झीज मंदावली, पण गेलेलं परत आलं नाही. मामा सांगायचे, "कडंकडंचं सगळं दिसतंय. पण ज्याच्याकडं बघावं तेवढंच नेमकं जातंय." माझ्या नवऱ्यानं एकदा मोबाइल टीव्हीला जोडून तिकीट भोपळ्याएवढं मोठं करून दाखवलं. मामा थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, बंद कर, डाग बी तेवढाच मोठा झाला.

एका रविवारी मी भाजी निवडत होते. मामांनी अल्बम उघडला होता आणि कोंबडी दाण्याकडं बघते तशी मान तिरकी करून ते डोळ्याच्या कोपऱ्यानं एका ओळीकडं बघत होते. डावी बाजू करून बघितलं, मग उजवी. मला राहवलं नाही. काय शोधताय, म्हणून विचारलं.

या ओळीत एका तिकिटावर आकड्यानंतरचा ठिपका नाही, तेवढं कुठलं ते हवंय, असं ते म्हणाले. मी हात पुसून वाकले आणि म्हटलं, तिसरं.

"न्हायच, का फिकट हाय?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी ठिपका नाही एवढंच बघितलं होतं. त्यांनी भिंग पुढं केलं. पुन्हा बघितलं तर ठिपक्याच्या जागी बारीकसा दाब होता, शाई मात्र नव्हती. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, "मग खिळा हाय तितं. शाई धरली न्हाय त्यानं. हे ते न्हवं." खिळा म्हणजे छापखान्यातलं शिशाचं अक्षर. ज्यात मुळात ठिपकाच बसवलेला नाही असं तिकीट त्यांना हवं होतं. ते पाचवं निघालं.

तेव्हापासून रविवारच्या सकाळी आम्ही दोघं त्या खिडकीशी बसू लागलो.

मामांकडं तिकिटं तशी सगळ्या जातीची होती, पण त्यांचा जीव एका छोट्या गठ्ठ्यावर होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजांच्या ताब्यातल्या एका लांबच्या बेटावर जखमी शिपायांसाठी मदत गोळा करायचं ठरलं. नवीन तिकीट काढायला सवड नव्हती. मग नेहमीचीच हिरवी तिकिटं घेऊन तिथल्या छापखान्यात त्यांच्यावर पुन्हा छपाई केली. वर एक लाल क्रॉस आणि खाली काळ्या शाईत त्या दिवसाची तारीख. ती तिकिटं ठरलेल्या दिवशी पोस्टात विकली आणि पैसे निधीला दिले. तयार तिकिटावर अशी मागाहून केलेली छपाई म्हणजे ओव्हरप्रिंट.

काम घाईचं आणि छापखाना लहान. त्यामुळं चुका भरपूर. कुठं क्रॉस उजवीकडं सरकलाय, कुठं वर्षानंतरचा ठिपका नाही, कुठं शून्य फुटलंय. मामा या चुकांवर जीव टाकायचे, आणि का, ते मला हळूहळू कळलं. एखाद्या मोठ्या नक्षीदार तिकिटात करणारा माणूस दिसत नाही. इथं मात्र त्या बेटावरचा कुणी खिळे जुळवणारा, घाईत, हाताशी होता तो तुटका खिळा बसवून मोकळा झालेला दिसतो.

पण ते बघायचे डोळे आता माझे होते आणि सगळं ठाऊक असलेलं डोकं त्यांचं होतं. सुरुवातीला आमचं जमेना. मी म्हणायचे, छान आहे. ते वाट बघत बसायचे. मी म्हणायचे, जरा वेगळं आहे. तरी ते वाट बघत बसायचे. एकदा म्हणाले, "छान आन् वेगळं हे दिसणं न्हवं, पोरी. तुला काय दिसतंय ते सांग. मला काय पायजे ते सांगू नको."

लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. काचपट्टीवर जे आहे ते लिहा, डॉक्टरांना काय वाटतंय ते लिहू नका. पण तिथं माणूस समोर नसतो. इथं मामा मान तिरकी करून बसलेले असायचे आणि त्यांना काय हवंय ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसायचं. ते न बघता सांगायला शिकायला मला वेळ लागला.

हळूहळू आमची भाषा तयार झाली. ठिपका खसखशीएवढा का राजगिऱ्याएवढा. रेघेची कड सुरीनं कापल्यासारखी का दातानं तोडल्यासारखी. लाल रंग कुंकवाचा, विटेचा का डाळिंबाच्या दाण्याचा. रंगाच्या बाबतीत मामा फार काटेकोर. दिव्याखाली रंग बघूच द्यायचे नाहीत. ढगाळ दिवस असला की म्हणायचे, आज नुसते आकडे बघू.

त्यांनी मला कधी घाई केली नाही, आणि मी चुकले तर कधी ओरडले नाहीत. मी चुकले की ते पुढचा प्रश्न विचारायचे आणि त्या प्रश्नात माझी चूक मलाच सापडायची. एकदा मला तारखेतल्या 'एक' आकड्याच्या पायाशी फट दिसली, सरड्याच्या जिभेसारखी. मी हरखून सांगितलं. ते म्हणाले, एकदा दिसलं तर ती धूळ असू शकते. ओव्हरप्रिंटची चौकट एकदा बांधली की शीटमागून शीट तिच्यानंच छापतात, म्हणून तुटका खिळा दर वेळी त्याच जागी उमटतो. दुसऱ्या तिकिटात तसंच दिसलं तर मानायचं. मग त्यांनी डोळे मिटले आणि जुन्या निळ्या अल्बमचं कुठलं पान, कुठली ओळ ते सांगितलं. मी ते तिकीट काढलं. एकाचा पाय तिथंही तसाच फाटलेला होता.

मामा उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आले. साखर विसरले होते. मी तसाच प्याले.

आता चाचांबद्दल सांगते. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. पूर्वी ते मामांच्या गिरणीतून माल उचलायचे आणि रंगात जराही फरक पडला की थान खांद्यावर टाकून थेट रंगखात्यात यायचे. त्या भांडणांतून दोघांची दोस्ती झाली. दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्याकडं येतात. तिकिटांत त्यांना काही गती नाही, पण मामांच्या तिकिटांचा अभिमान मामांपेक्षा त्यांनाच जास्त.

गिरणी बंद पडली त्या वर्षी मामा घरात बसून होते. जेवायचे, झोपायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. अल्बमसुद्धा त्यांनी कपाटात टाकून दिले होते. तेव्हा चाचा माल आणायला मुंबईला गेले आणि येताना एका तिकीटवाल्याकडून एक तिकीट घेऊन आले. त्याच बेटाचं, हिरवं, वर लाल क्रॉस, पण खाली तारीखच नाही. तारीख छापायची राहून गेलेलं. असली तिकिटं फार दुर्मिळ, हे चाचांना त्या तिकीटवाल्यानं सांगितलं होतं आणि मामांनाही ठाऊक होतं. ते ठेवायला मामांनी कपाटातून अल्बम काढले आणि मग ते पुन्हा आत गेले नाहीत.

त्या तिकिटाला स्वतंत्र पान होतं. आमच्या रविवारच्या तपासणीत ते कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या तिकीट जमवणाऱ्या मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं. मामांनी युद्धातल्या मदतीची तिकिटं मांडावीत, असा निरोप माझ्या मोबाइलवर आला. मामांना आनंद झाला. चाचांना तर इतका झाला की आठवडाभरात निम्म्या नवी पेठेला कळलं, आपण दिलेलं तिकीट प्रदर्शनात लागणार.

मामांनी मात्र ठरवलं की मांडायचं ते एकेक तिकीट नव्यानं तपासायचं. स्वतःच्या जुन्या निकालांवरही त्यांचा भरवसा नव्हता. दोन-तीन तिकिटं त्यांनी बाजूला काढायला लावली, कारण माझं वर्णन त्यांच्या आठवणीशी जुळेना. सगळी झाली. मी अल्बम मिटणार तेवढ्यात ते म्हणाले, "ते बी काढ."

मी म्हटलं, त्याला कशाला?

"दुसऱ्यांना लावला तो नियम त्याला बी लागतो की."

मी चिमट्यानं ते तिकीट काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. भिंग लावलं. तिकीट वापरलेलं होतं, त्यावर पोस्टाच्या गोल शिक्क्याचा कोपरा होता. मामा विचारत गेले, मी सांगत गेले. क्रॉसच्या कडा कशा, रंग कसा. रंग इतरांपेक्षा जरा उजळ होता. मग त्यांनी विचारलं, शिक्क्याची काळी रेघ क्रॉसला कुठं भेटते?

या प्रश्नाचा अर्थ मला ठाऊक होता. तिकीट आधी छापखान्यातून येतं, मग पोस्टात जातं. त्यामुळं आधी क्रॉस, त्याच्यावर शिक्का. दुसऱ्या सगळ्या वापरलेल्या तिकिटांत काळी रेघ लाल क्रॉसवरून सरळ पलीकडं जात होती. इथं काळी रेघ क्रॉसपाशी यायची आणि लाल शाईच्या खाली जायची. पलीकडच्या कडेला पुन्हा वर निघायची. म्हणजे शिक्का आधीचा आणि क्रॉस नंतरचा. कुणीतरी साधं, वापरून झालेलं हिरवं तिकीट घेऊन त्यावर लाल क्रॉस उठवला होता. तारीख जुळवायची कटकटच नको, म्हणून तारीख नाही.

मी भिंगातून डोळा काढला नाही. डोळा काढला असता तर मामांचा चेहरा दिसला असता. काळी रेघ वरून गेलीय, असं मी सांगितलं असतं तर त्यांना ते कधीही कळलं नसतं. त्या तिकिटाकडं भिंगातून बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि प्रदर्शनात काचेआड कोण एवढं बघतो? हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण खोटं सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी मी कुठल्या तोंडानं त्या खिडकीशी बसले असते? मी सांगितलं, "रेघ खाली जातीय, मामा. लाल वर आहे."

ते म्हणाले, शाई कधीकधी फसवते. लाल दाट असलं तर काळं खाली गेल्यासारखं दिसतं. एवढ्यावर कुणाला खोटं म्हणू नये. शिक्क्यातलं साल वाचता येतंय का बघ.

सालाचे दोन आकडे होते. पहिला एक, स्पष्ट. दुसरा क्रॉसच्या फाट्याखाली अर्धा दबलेला. तो तीन असेल किंवा आठ. आठ असेल तर साल अठरा, तेव्हा लढाई चालू होती, तिकीट अजून खरं ठरू शकत होतं. तीन असेल तर संपलंच. मी पुढून बघितलं, तिरकं धरून बघितलं, काही कळेना. मामा म्हणाले, आज डोळा थकला, आता पुढच्या रविवारी.

तो आठवडा आम्ही दोघांनी त्याविषयी एक शब्द काढला नाही. गुरुवारी चाचा आले, प्रदर्शनाला कोणकोण येणार ते सांगत बसले. मामा हूं हूं करत होते.

रविवारी मी तिकीट पालथं ठेवलं. शिक्का जोरात मारलेला असला तर कागदाला मागून उठाव येतो, हे मला आठवडाभर विचार करून सुचलं होतं. मोबाइलचा टॉर्च लावून तो टेबलावर आडवा ठेवला, म्हणजे उजेड कागदावरून घसरत जाईल. उठाव दिसला. मागून बघत असल्यानं आकडा उलटा होता, म्हणून हातआरसा धरला. तीन. डावी बाजू उघडी, कुठंही मिटलेली नाही. मी आरसा हलवून पुन्हा बघितलं, उजेड दुसऱ्या बाजूनं टाकून बघितलं. तीनच.

"तेरा साल," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. "लढाई लागली चौदात. हे टपाल पोचून बी झालं हुतं तवर."

मला वाटलं, आता ते अल्बम मिटतील. तसं काही झालं नाही. त्यांनी मला ते खोटं तिकीट आणि एक खरं शेजारी शेजारी ठेवायला लावलं आणि लाल रंगात नेमका काय फरक आहे ते अर्धा तास विचारून घेतलं. पुढं असं कुणाकडं दिसलं तर ओळखता आलं पाहिजे, म्हणाले. मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे कसं बघितलं नाही? त्यांनी सहज उत्तर दिलं. कुणी प्रेमानं दिलेल्या वस्तूला भिंग लावत नसतात.

मग त्यांनी रिक्षा बोलवायला सांगितली.

नवी पेठेत रविवारी दुकानं अर्धवटच उघडी असतात, पण चाचा दुकानात होते. आम्हाला दोघांना बघून त्यांनी गादीवर जागा केली. मामा बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, "तू दिलेलं तिकीट खोटं निघालं. दुसऱ्याच्या तोंडनं कळण्यापरीस मीच सांगावं म्हणून आलो."

चाचांना आधी ते थट्टेचं वाटलं. मग त्यांनी मामांचा चेहरा बघितला. माझ्याकडं हात करून म्हणाले, दाखव. गल्ल्याजवळ कापडाचे धागे मोजायची त्यांची घडीचं भिंग होतं, ते त्यांनी उघडून तिकिटावर ठेवली. रेघ कुठं बघायची ते मी सांगितलं. कापड बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला फार सांगावं लागलं नाही.

"हौ," ते म्हणाले. "लाल वरतीच हाय."

मग त्यांनी चहा मागवला. चहा आला, आम्ही प्यालो, चाचा चादरींच्या बाजाराबद्दल बोलले. रिक्षेपर्यंत ते मामांचा हात धरून आले.

त्या गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. मी फोन केला तर त्यांच्या मुलानं सांगितलं, अब्बांची तब्येत ठीक आहे, घरीच असतात. मामा संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि अंधार पडायला लागला की उठायचे. प्रदर्शनाची तयारी त्यांनी थांबवली. मला तेव्हा वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मामांना तसं विचारलं. ते म्हणाले, मग दर गुरुवारी त्याच्यासमोर बसून तो खोट्याचं कौतुक करणार आणि मी ऐकणार, ही कसली दोस्ती?

चाचा अखेर आले ते गुरुवारी नव्हे, मधल्याच एका दिवशी भर दुपारी. मला सुट्टी होती. ते दारातून आले, बसले, पाणी प्याले.

"मास्तर, मला राग तुमचा आला न्हाय," ते म्हणाले. "त्या साली तुमी असे बसलेले हुते. मला वाटायचं, त्या वक्ताला मी तुमाला एक चीज तर खरी दिली. ती बी नकली निघाली."

मामांनी मान वळवून त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यात घेतलं. "त्या साली तू दर गुरुवारी येत हुतास. तिकीट एकदाच दिलंस."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी आत जाऊन पोहे करायला घेतले. बाहेर आले तेव्हा दोघं भांडत होते. चाचांचं म्हणणं, तिकीट प्रदर्शनात लावा आणि त्याखाली लिहा की हे नवी पेठेतल्या अमुक दुकानाच्या अमुक माणसानं फसून आणलं. मामांचं म्हणणं, लावतो, पण तुझं नाव अजिबात घालणार नाही. बराच वेळ चाललं ते. शेवटी मीच एक पट्टी लिहून दोघांना वाचून दाखवली: 'तारीख राहून गेल्याचे भासवलेले तिकीट. क्रॉस मागाहून छापलेला. शिक्का युद्धाच्या आधीचा. एका मित्राची भेट.' दोघांनाही ती पुरती आवडली नाही, म्हणून तीच ठरली.

प्रदर्शनाच्या दिवशी आमचा फलक हॉलच्या कडेला, पंख्याखाली होता. बाकीचे फलक आमच्यापेक्षा भारी होते. रंगीत पक्षी, फुलपाखरं, जुन्या संस्थानांची तिकिटं. आमची सगळी एकसारखी हिरवी, वर लाल क्रॉस. लांबून बघितलं तर एकच तिकीट पुन्हा पुन्हा चिकटवल्यासारखं. लोक पुढं सरकत होते.

चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले आणि त्या खोट्या तिकिटाशेजारी उभे राहिले. कुणीही थांबलं की सुरू करायचे. हे मी आणलं. मुंबईच्या एका तिकीटवाल्यानं बटरपेपरात गुंडाळून, दुकानाचं दार लोटून, कानात सांगितलं की असं तिकीट साऱ्या मुलखात कुणाकडं नाही. मी कापडात फसत नाही, पण त्या दिवशी फसलो. मग ते खरं तिकीट दाखवायचे, मग खोटं, आणि काळी रेघ कुठं वर आहे, कुठं खाली, ते बोटानं दाखवायचे. लोक हसायचे आणि भिंग मागायचे. दुपारपर्यंत आमच्यापुढं वाकून बघणाऱ्यांची रांग लागली. खोटं तिकीट बघून झालं की लोक खऱ्यांकडं वळायचे आणि फाटक्या पायाचा एक, नसलेला ठिपका, सरकलेला क्रॉस आपले आपण शोधायला लागायचे.

मामा शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होते. बाहेरगावहून आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी त्यांना विचारलं की इतक्या चांगल्या संग्रहात खोटं तिकीट मांडायची काय गरज होती. मामांनी सांगितलं, खरं कसं असतं ते त्याच्यामुळंच लोकांना दिसतंय. त्या गृहस्थांना पटलं की नाही कोण जाणे, पण तेही रांगेत उभे राहून वाकून बघून गेले. बक्षीस फुलपाखरांना मिळालं. ती खरंच सुंदर होती, म्हणजे मला तशी वाटली. मामांना मी त्यांचं वर्णन करून सांगितलं, पंखांच्या निळ्यापासून.

प्रदर्शनानंतर थोड्या दिवसांनी चाचा माझ्या लॅबमध्ये आले. मी घाबरले, म्हटलं तब्येतीचं काही निघालं की काय. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. त्यात कुठल्यातरी दुसऱ्या देशाचं, पण त्याच लढाईतलं मदतीचं एक तिकीट होतं. कुणा ओळखीच्याकडून मिळवलेलं. म्हणाले, आधी तू बघ बेटी, मग मास्तरला देतो. मी दुपारच्या सुट्टीत बघितलं. अगदी साधं, कुठंही मिळेल असं, पण अस्सल होतं. चाचा इतके खूष झाले की लॅबमधल्या सगळ्यांना त्यांनी केळी वाटली.

मामांची नजर आता आणखी कमी झाली आहे. कडेचंही धूसर झालंय. रविवार मात्र चालू आहेत. मागच्या रविवारी आम्ही सगळी सकाळ एकाच तिकिटावर घालवली. तारखेतलं शून्य खालून उघडं आहे का शाई कमी पडलीय, ते ठरेना. त्याच्या जोडीचं दुसरं तिकीट आमच्याकडं नाही. मला वाटत होतं ते खिळ्याचंच आहे, मी तसं म्हटलंही. मामांनी माझ्याकडून पुन्हा एकदा नुसतं वर्णन करून घेतलं, ऐकलं आणि म्हणाले, "आपल्याला ठाऊक न्हाय."

'ठाऊक नाही' असं लिहिलेलं एक वेगळं पाकीट आमच्याकडं आहे. साठ वर्षं हे काम केलेल्या माणसाकडं ते सगळ्यात जाड आहे. मी ते तिकीट त्यात ठेवलं आणि मामांनी विचारलं, खिडकीतला उजेड उतरला का. उतरला नव्हता. मग आम्ही पुढचं घेतलं.